‘हे वाच’ म्हणायचं कोणी?

एप्रिल अर्धा सरला, परीक्षा आटोपल्या की याद्या यायला लागतात. सुट्टीत काय वाचाल? एक रविवारच्या पुरवणीत, एक शाळेच्या पालकांच्या ग्रुपवर, एक सोसायटीच्या ग्रुपवर. त्यात चरित्रं असतात, किल्ल्यांची भटकंती असते, विज्ञानकथा असतात, दोन-तीन अनुवाद असतात आणि व्यक्तिमत्त्व विकासाचं एखादं पुस्तक घुसलेलं असतंच. मोठ्यांसाठीच्या शिफारशी दिवाळीत येतात, अंकांच्या निमित्ताने. त्या थोड्या धीट असतात. पण एक विषय दोन्हीकडे जवळपास गैरहजर असतो. शरीर, शरीरसंबंध, आणि माणसं एकमेकांजवळ येतात किंवा दुरावतात ती कशी, का, आणि आपल्या समाजात त्याची कोणती किंमत मोजून.

बरं, या विषयावर मराठीत लिहिलंच गेलं नाही म्हणावं, तर तसंही नाही. शंभर वर्षं होत आली, लिहिलं जातंय. डॉक्टरांनी लिहिलंय, कादंबरीकारांनी लिहिलंय, बायकांनी आत्मचरित्रांत फार सोसून लिहिलंय. अलीकडे संस्थांनी मराठीत चांगली संकेतस्थळं आणि व्हिडिओही केले आहेत. टंचाई आहे ती आपल्या नावानिशी पुढे येऊन ‘हे वाच’ म्हणणाऱ्या माणसाची. ग्रंथपाल म्हणत नाही, मास्तर म्हणत नाहीत, आई-वडील तर नाहीच नाही. मग ते काम मोबाइल करतो. एक व्हिडिओ संपला की पुढचा तोच लावून देतो, आणि त्याचं म्हणणं कुठल्याच वाचनालयाच्या नियमावलीत बसत नाही.

ही भीती आली कुठून, ते पाहायचं तर एका दिवाळी अंकाचीच गोष्ट सांगायला हवी. 1962 च्या दिवाळीत ‘रंभा’ मासिकाच्या अंकात चंद्रकांत काकोडकरांची ‘शामा’ ही कथा आली. शाळेत शिकवणारा एक कवी आणि त्याच्या आयुष्यात वेगवेगळ्या वेळी आलेल्या तीन स्त्रिया, एवढाच मामला. पुण्यातल्या एका गृहस्थांना ती अश्लील वाटली आणि त्यांनी फिर्याद केली. दंडाधिकाऱ्यांनी आरोपींना सोडलं. उच्च न्यायालयाने दोषी ठरवून 25 रुपये दंड केला आणि अंकाच्या प्रती नष्ट करायला सांगितलं. पंचवीस रुपयांसाठी कोण दिल्लीपर्यंत जातं? काकोडकर गेले. ऑगस्ट 1969 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने कथा अश्लील नसल्याचा निकाल दिला.

त्या निकालातला एक विचार आजही कुठल्याही पालकसभेत वाचून दाखवावा असा आहे. कादंबरीत लैंगिकतेचा नुसता उल्लेख आला म्हणून ती किशोरवयीनांनी वाचण्याजोगी नाही असं ठरवायचं, तर त्यांना कुठलीच कादंबरी वाचता येणार नाही आणि निव्वळ धार्मिक पुस्तकांवरच भागवावं लागेल, असं न्यायालयाने म्हटलं. 1969 साली! ज्यांच्यासाठी ही काळजी चालली होती ती मुलं आज सत्तरी ओलांडून गेली आहेत, आणि आपल्या नातवंडांच्या सुट्टीच्या याद्या अजूनही ‘रंभा’च्या फिर्यादीच्या बाजूने आहेत.

या खटल्याची मुळं आणखी मागे जातात. 1868 मध्ये इंग्लंडात एक कसोटी ठरली. ज्यांची मनं वाईट परिणामाला खुली आहेत अशांच्या हाती मजकूर पडला तर ते बिघडतील का, हे पाहायचं. म्हणजे समाजातल्या सगळ्यांत कच्च्या वाचकाच्या मापाने सगळ्यांचं वाचन कापायचं. आपल्या न्यायालयांनी ही कसोटी बराच काळ वापरली आणि 2014 मध्ये ती स्पष्टपणे बाजूला ठेवली. घरांनी मात्र अजून ठेवलेली नाही. पंचेचाळिशीची बाई मेनोपॉजवरचं पुस्तक कपड्यांच्या कपाटात ठेवते, कारण घरात मुलगा वयात आला आहे. खरं तर त्याच मुलाने ते चाळायला हवं. आईची झोप का उडाली आहे आणि ती एवढ्या-तेवढ्याने का चिडते, ते त्याला निदान कळेल.

‘शामा’च्या पस्तीस वर्षं आधी, जुलै 1927 मध्ये, रघुनाथ धोंडो कर्व्यांनी ‘समाजस्वास्थ्य’ हे मासिक सुरू केलं. त्याआधी 1921 मध्ये त्यांनी मुंबईत संततिनियमनाचं केंद्र काढलं होतं. लंडनमध्ये मेरी स्टोप्स यांचं केंद्र निघालं तेही त्याच वर्षी, म्हणजे आपण काही मागे नव्हतो. या कामापायी विल्सन कॉलेजातली गणिताची प्राध्यापकी गेली. मासिक त्यांनी मरेपर्यंत, म्हणजे 1953 पर्यंत, चालवलं. मासिकात लेख होते, पुस्तक परीक्षणं होती, चिमटे होते. पण त्याचा जीव होता वाचकांच्या पत्रांत. श्रीकांत बोत्रे आणि डग्लस हेन्स या अभ्यासकांनी हा पत्रव्यवहार बारकाईने तपासला आहे. लिहिणारे बहुतेक मध्यमवर्गीय पुरुष. चिंता त्याच त्या: हस्तमैथुनाने शक्ती जाते का, वीर्य जपलं नाही तर काय होईल, ब्रह्मचर्य झेपत नाही, काय करू? कर्वे कोरडेपणाने, जवळजवळ तुसडेपणाने उत्तर देत. अपाय होत नाही, घाबरू नका, अमुक वाचा.

याच उत्तरांवरून 1934 मध्ये त्यांच्यावर खटला झाला आणि त्यांच्या बाजूने उभे राहिले डॉ. बाबासाहेब आंबेडकर. त्यांचा मुद्दा साधा होता. लोक अडचण विचारतात. मासिक त्याच विषयाला वाहिलेलं आहे. मग उत्तर द्यायचं नाही तर करायचं काय? खटला हरले, 200 रुपये दंड झाला. त्याआधी 1931 मध्येही व्यभिचारावरच्या लेखासाठी 100 रुपये भरून झाले होते. कर्व्यांना डोक्यावर घेऊन नाचावं असं मी म्हणत नाही. त्या काळच्या संततिनियमनाच्या चर्चेला सुप्रजननाचा, म्हणजे कोणी मुलं जन्माला घालावीत आणि कोणी नाही याचा जो अहंकारी सूर होता, तो त्यांच्या मासिकालाही लागलेला दिसतो. मुखपृष्ठावर नेहमी नग्न स्त्रीच का, हाही प्रश्न रास्त आहे. पण एक गोष्ट त्यांनी केली जी आज कोणी करत नाही. प्रश्नाच्या खाली उत्तर, आणि उत्तराच्या मागे पत्त्यासकट एक माणूस. तो चुकला तर त्याला जाब विचारता येत होता, आणि सरकारने तो विचारलाही.

आज तेच प्रश्न जसेच्या तसे जिवंत आहेत. लोकलच्या डब्यात चिकटवलेली आणि एसटी स्टँडच्या मुतारीत रंगवलेली ‘गुप्तरोग’वाल्यांची जाहिरात बघा. धंदा चालत नसता तर रंगाचा खर्च कोण करतं? या मंडळींना वाचकांची नाडी उत्तम कळली आहे. आधी घाबरवायचं, मग चूर्ण विकायचं. आता ती भिंतीवरून यूट्यूबवर आली आहेत, तिथे पांढरा कोट घालून बसतात, आणि मराठीतच बोलतात.

शाळेने हे काम करावं असा एक प्रयत्न झाला होता. केंद्राचा किशोरवयीन शिक्षणाचा कार्यक्रम आला, त्याच्या पुस्तकांतल्या चित्रांवरून 2007 मध्ये गदारोळ उठला आणि महाराष्ट्रासह गुजरात, मध्य प्रदेश, कर्नाटक अशा राज्यांनी पाठ फिरवली. 2009 मध्ये राज्यसभेच्या याचिका समितीनेही शाळांत असलं शिक्षण नको असाच सूर लावला. त्यानंतर पंधरा वर्षांनी, सप्टेंबर 2024 मध्ये, बालकांच्या अश्लील चित्रफितींसंबंधीच्या निकालात सर्वोच्च न्यायालयाला सांगावं लागलं की लैंगिक शिक्षण ही पाश्चात्त्य कल्पना आहे आणि त्याने मुलं स्वैर होतात, हे गैरसमज आहेत. दरम्यानच्या काळात फोन खिशात आला आणि डेटा स्वस्त झाला. 2007 मध्ये ज्या चित्रांवर आमदार संतापले होते, ती आताच्या सातवीतल्या पोराला दाखवली तर तो जांभई देईल.

म्हणून मी शाळेची वाट न बघता सुट्टीकडे वळतो. सुट्टीतल्या वाचनाला परीक्षा नाही, शिक्षणखात्याची परवानगी लागत नाही, मुलगा-मुलगी वेगळे बसवा असलं काही नाही. पुस्तक वाचताना वर्गात कोणी खिदळत नाही. हवं ते पान दोनदा वाचता येतं, नको ते उलटता येतं. या विषयाला एकांत लागतो आणि वाचनात तो असतोच.

पण वाचायचं कुठून? वाचनालयांत जी ड्युई दशांश पद्धत चालते, तिच्यात समाजातले लैंगिक संबंध 306.7 वर, प्रजनन आणि शरीराची वाढ 612.6 वर, संततिनियमन आणि लैंगिक आरोग्य 613.9 वर. कादंबऱ्या, कविता आणि आत्मचरित्रं आणखी तिसऱ्या-चौथ्या मांडणीवर. म्हणजे पद्धत नीट पाळली तरी चौदा वर्षांच्या मुलीला हवं ते चार ठिकाणी विखुरलेलं. आणि ती पाळली जातेच असं नाही. ‘तसली’ पुस्तकं ग्रंथपालांच्या टेबलामागच्या कुलूपबंद कपाटात असलेली वाचनालयं मी पाहिली आहेत. मागायचं तर नाव मोठ्याने सांगावं लागतं, मागे रांगेत ओळखीचे काका उभे. कोण मागेल? यादीचं काम इथेच आहे. चार मांडण्यांवरची पुस्तकं एका कागदावर आणायची आणि तो कागद भिंतीवर लावायचा.

यादीत काय असावं यावर माझी मतं पक्की आहेत आणि ती सगळ्यांना पटणार नाहीत.

नुसती आरोग्यपुस्तिका पुरत नाही. आपल्याकडे हा विषय सभ्य करायचा म्हणजे त्याला डॉक्टरी कोट चढवायचा, अशी रीत पडली आहे. बीजांड, शुक्रजंतू, स्वच्छता, रोग, संपलं. ही माहिती हवीच, तिच्या अभावाची किंमत केवढी असते हे गडचिरोलीत दिसलेलं आहे. डॉ. राणी बंग आणि डॉ. अभय बंग यांनी दोन गावांतल्या 650 स्त्रियांची तपासणी केली. 1989 च्या जानेवारीत ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकात छापून आलेल्या त्या अभ्यासात 92 टक्के स्त्रियांना स्त्रीरोग किंवा लैंगिक आजार आढळले, आणि त्याआधी कधी तशी तपासणी झालेल्या होत्या जेमतेम 8 टक्के. जगभर त्या अभ्यासाची दखल घेतली गेली. त्या बायका गप्प होत्या, कारण अंगावरून जाणं किंवा कंबर दुखणं हे बाईपणाचाच भाग म्हणून त्यांनी धरलं होतं. तसं नसतं हे त्यांना सांगितलंच नव्हतं कोणी. पुढे बंग दांपत्याच्याच ‘सर्च’ या संस्थेतून मुलामुलींसाठी ‘तारुण्यभान’ची शिबिरं निघाली ती उगाच नाही.

तरीही पुस्तिकेला एक गोष्ट सांगता येत नाही: मुलीने नाही म्हटल्यावर काय करायचं. विसाव्या वर्षी नकार पचवणं हे शरीरशास्त्र नाही. 2020 च्या फेब्रुवारीत हिंगणघाटला एका तरुण प्राध्यापिकेला भर रस्त्यात पेटवून दिलं गेलं. तेव्हा मोर्चे निघाले, कायदे कडक करा म्हणून मागण्या झाल्या, ते सगळं योग्यच. पण आपल्या तरुण मुलांच्या हाती अशी किती गोष्टींची पुस्तकं पडतात, ज्यात नायकाला नकार मिळतो आणि तो नकार घेऊन तो घरी जातो, चार दिवस जेवत नाही, मग कामाला लागतो? सिनेमात नायक मागे लागतो आणि शेवटी ती हो म्हणते. कथा-कादंबऱ्यांत मात्र उलट उदाहरणं भरपूर आहेत, मराठीत तर विशेषच. आपले प्रेमात हरलेले नायक ही जरा चेष्टेचीच गोष्ट झाली आहे, पण त्यांचा हा उपयोग कोणाच्या लक्षात आलेला नाही. एखाद्याने पुस्तक वाचलं म्हणून गुन्हा टळेल असा भाबडा दावा मी करत नाही. नकारानंतरही आयुष्य असतं हे आधी कुठेतरी भेटलेलं असावं, इतकंच.

म्हणून यादीत गोष्टी हव्यात, कविता हव्यात, बायकांची आत्मचरित्रं हवीत. शिवाय कायद्याचं एखादं सोपं टिपण हवं, आणि ते कोणीच देत नाही. मुलांना लैंगिक गुन्ह्यांपासून वाचवण्यासाठी केलेल्या 2012 च्या पॉक्सो कायद्याने अठरा वर्षांखालचं प्रत्येक माणूस बालक आहे आणि त्याच्या संमतीला अर्थ नाही. सतराव्या वर्षी बारावीच्या सुट्टीत प्रेमात पडलेल्या जोडप्याला हे ठाऊक नसतं. घरच्यांनी तक्रार केली आणि मुलगा आत गेला की कळतं. हा कायदा या वयाच्या प्रेमाला लावावा का, हा स्वतंत्र वाद आहे आणि तो व्हायला हवा. पण तोवर निदान तो आहे एवढं तरी त्यांना सांगा.

लिंकांचं काय? पुस्तकांपेक्षा त्याच जास्त उघडल्या जाणार, हे मान्य करून चालावं. माझी चाळणी सोपी आहे. पानावर लिहिणाऱ्याचं किंवा संस्थेचं खरं नाव आणि पत्ता आहे का? वाचून झाल्यावर ते काही विकायला येतात का? घाबरवतात का? आणि अडचण आली तर पुढे कोणाशी बोलायचं, ते दिलंय का? शेवटचा प्रश्न महत्त्वाचा. मुलांसाठी 1098 ही हेल्पलाइन आहे, एवढं एक वाक्य ज्या पानावर नाही ते पान कितीही देखणं असलं तरी मुलांच्या यादीत घेऊ नये. पुण्यातल्या समपथिक ट्रस्टने समलैंगिकतेवर मराठीत साहित्य काढलं, ते आई-वडिलांनाही वाचता येईल अशा भाषेत. 6 सप्टेंबर 2018 ला कलम 377 चा, म्हणजे समलैंगिक संबंध हा गुन्हा नाही असा, निकाल आला तेव्हा पेढे वाटणारे वाटून मोकळे झाले. पण मुलाने जेवणाच्या ताटावर काही सांगितल्यानंतर त्या रात्री बापाने काय वाचावं, हा प्रश्न निकालाने सुटत नाही. अशा बापासाठी मराठी यादी हवी. तो इंग्रजीतलं शोधेल, पण अर्धवट शोधेल.

आता पालकांची हरकत. ‘सगळं सगळ्यांना कसं वाचायला द्यायचं?’ देऊच नये. दहाव्या वर्षीचं वाचन वेगळं आणि सतराव्या वर्षीचं वेगळं, यात वाद नाही. पाळी यायच्या आधी पाळीबद्दल, आवाज फुटायच्या आधी आवाजाबद्दल, आणि नको असलेला स्पर्श याबद्दल तर त्याच्याही आधी. या हरकतीतला अर्धा भाग खरा आहे, आणि तो खरा असल्यामुळेच यादी हवी. यादी म्हणजे निवड. निवड न करणारा पालक मुलाला काहीच देत नाही असं नाही, तो त्याला सगळंच देतो, फक्त फोनवरून. आणि या शिक्षणाने मुलं लवकर संबंध ठेवायला लागतात ही भीती युनेस्कोने जगभरचे अभ्यास तपासून केव्हाच खोडून काढली आहे. आपल्याकडचा आकडा पाहा. 2019 ते 21 च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत महाराष्ट्रातल्या 20 ते 24 वयाच्या स्त्रियांपैकी जवळपास 22 टक्के स्त्रियांची लग्नं अठराच्या आत झालेली होती. त्यांना ‘लवकर’ तिथवर कोणत्या पुस्तकाने नेलं? आई-वडिलांनीच ना?

ग्रंथपालांची हरकत निराळी असते: उद्या कोणी तक्रार केली तर? ही भीती खोटी नाही. इथे चार माणसं जमून एखाद्या पुस्तकासाठी कपाट फोडू शकतात. पण कायदा ग्रंथपालांच्या बाजूने आहे. विज्ञान, साहित्य, कला किंवा ज्ञान यांच्या हितासाठी, सार्वजनिक भल्याचं म्हणून जे प्रकाशन समर्थनीय ठरतं, ते अश्लीलतेच्या कलमातून वगळलेलं आहे. ही तरतूद भारतीय दंडविधानात 1969 मध्येच आली, ‘शामा’चा निकाल लागला त्या वर्षी, आणि आताच्या भारतीय न्याय संहितेच्या कलम 294 मध्येही ती शाबूत आहे. वाचनालयाच्या कार्यकारिणीने एक ठराव करून यादी मंजूर केली तर ग्रंथपाल एकटा पडत नाही. अशा ठरावाला पाच मिनिटं लागतात. वार्षिक सभेत चहा-बिस्किटांच्या खर्चावर याहून जास्त वेळ जातो.

महाराष्ट्रात शासनमान्य सार्वजनिक वाचनालयं हजारोंनी आहेत. सगळ्यांनी एकदम हे करावं असं मी म्हणत नाही, करणारही नाहीत. एका तालुक्याच्या गावात एका ग्रंथपालाने, गावातल्या एका डॉक्टरीणबाईंनी आणि मराठीच्या एका शिक्षकाने बसून दहा पुस्तकं आणि चार संकेतस्थळं निवडावीत, वयोगट घालावेत, कागदाच्या तळाशी तिघांनी सह्या कराव्यात. पुस्तकं कुलपाबाहेर, हाताला येतील अशी ठेवावीत, आणि महिनाभर ती नोंद न करता तिथेच बसून वाचू द्यावीत. दोन पुस्तकं चोरीला जातील. त्यांच्या नव्या प्रती मागवण्याची तरतूद आधीच करून ठेवावी.